गांज्याचं पोतं आणि सतरा वर्षांचा मुलगा: मंडळ की बाल न्यायालय?

एक स्नेही नुकतेच बाल न्याय मंडळावर सामाजिक कार्यकर्ता सदस्य म्हणून गेले. परवा त्यांनी विचारलं, सोळा ते अठरामधला मुलगा आणि कमर्शियल क्वांटिटीची, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या मालाची केस आली तर ती मंडळातच चालवायची, की प्रौढासारखा खटला चालावा म्हणून बाल न्यायालयाकडे पाठवायची? सीमाभागातल्या एका मंडळावर मी हा निर्णय केलेला आहे, म्हणून लिहितो. मुलाची ओळख पटेल असं काही सांगत नाही.

गांज्याच्या बाबतीत हा प्रश्न 20 किलोंच्या पुढेच येतो. त्याखाली 10 वर्षांपर्यंत शिक्षा असली तरी किमान शिक्षा नाही, आणि 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असा गुन्हा ‘हीनस’ (किमान सात वर्षं शिक्षेचा, अतिगंभीर) धरता येत नाही. 20 किलो ओलांडले की किमान 10 वर्षं लागतात आणि प्राथमिक मूल्यांकन, म्हणजे मुलाला बाल न्यायालयाकडे पाठवायचं का याची मंडळाने करायची तपासणी, करावंच लागतं. आमच्या केसमध्ये पोतं भरलेलं दुसऱ्याने, वजन केलेलं दुसऱ्याने. मुलगा फक्त चोर्ला घाटातून येणाऱ्या गाडीत पोत्याशेजारी बसलेला.

बाल न्यायालयाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं मी मनापासून ऐकलं आहे. निपाणीपासून खानापूरपर्यंत आया सांगतात, टोळीवाले मुद्दाम अठराच्या आतली पोरं धरतात, कारण मंडळाकडून जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह, पुढे काही नाही. हे खोटं नाही. सतरा वर्षांचा एखादा स्वतःच तीन पोरांना कामाला लावत असेल, पैसे त्याच्या हातात येत असतील, तर मीही कदाचित वेगळा विचार करेन. शिवाय पाठवलं म्हणजे संपलं असंही नाही. प्रौढ म्हणून खटल्याची गरज आहे का, हे बाल न्यायालय पुन्हा तपासतं, आणि मुलाला एकवीस होईपर्यंत सुरक्षित जागी ठेवतं. जन्मठेप सुटकेच्या शक्यतेशिवाय देता येत नाही.

तरीही माझा कौल मंडळाकडे झुकला तो एका ‘हौदु’मुळे, म्हणजे कन्नडमधल्या ‘हो’मुळे.

मुलगा खानापूर तालुक्यातला, मराठी शाळेत शिकलेला. कन्नड विषय म्हणून शिकला, पण घरात कुणी बोलत नाही. सामाजिक तपास अहवाल कन्नडमध्ये आला. त्यात वाक्य होतं, ‘कृत्याच्या परिणामांची पूर्ण जाणीव असल्याचे कबूल करतो.’ मला ते खटकलं. सतरा वर्षांचं पोर असं बोलत नाही. मी त्याला मराठीत विचारलं, तुला तिथे काय विचारलं होतं? म्हणाला, बरंच काही, मी ‘हौदु’ म्हणालो. मग विचारलं, पकडलं तर काय होईल असं वाटलं होतं? उत्तर आलं, ‘दादा सोडवतो म्हणून सांगिटलाय की.’

पोत्यात गांजा आहे हे त्याला माहीत होतं, ते त्याने लपवलं नाही. पण परिणामांची जाण म्हणून कागदावर जे उतरलं होतं, ते त्याच्या डोक्यात नव्हतंच. तिथे फक्त दादा होता. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. भाषा तुटकी, वेळ कमी. पण मुलाची मानसिक क्षमता, समज आणि परिस्थिती, सगळं जोखायचं ते बोलण्यातूनच. ते बोलणंच दुसऱ्याच्या भाषेत झालं, तर त्या जोरावर एखाद्याला दहा वर्षांच्या तोंडी कसं द्यायचं? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी गोष्ट थोडक्यात. मंडळाच्या वाटेने गेलेल्या मुलाची नोंद पुढे नष्ट होते आणि अपात्रता चिकटत नाही. बाल न्यायालयात प्रौढ म्हणून दोषी ठरला तर हे कवच राहत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. पहाटे रस्त्याने धावणारी पोरं कशासाठी धावतात हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. हाही त्यांतलाच होता.

केस बहुमताने मंडळातच राहिली. माझं बरोबरच होतं असा दावा नाही.

तुम्हाला ठरवायचं असेल तर एवढं करा: अहवाल हाती आला की मुलाला आधी त्याच्या भाषेत बोलतं करा. कलम 8 मध्ये दुभाष्याची सोय आहे, पण आपण होऊन कुणी आणून देत नाही, मागावी लागते. मानसशास्त्रज्ञ मराठी जाणणारा मिळेल का, ते पहिल्याच तारखेला विचारा. मूल्यांकनाला तीन महिने असतात आणि ते भरभर जातात. निर्णय काहीही होवो, सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस आहेत हे पालकांना मराठीत समजावून सांगा. आणि त्या ‘दादा’बद्दल तपास अधिकाऱ्याला दर तारखेला विचारा. मुलांकडून माल वाहून घेणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम 78 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आमच्या केसमध्ये ते कलम लावून घ्यायला आम्हाला चार तारखा लागल्या.