पिंगबॅक की वेबमेंशन?

आपल्या लेखाचा दुवा कुणी दिलाय हे लेखाखाली आपोआप दिसावं असं वाटत असेल, तर वर्डप्रेसवाल्यांपुढे आज खरी निवड पिंगबॅक आणि वेबमेंशन या दोन पद्धतींतच आहे. २००२ मध्ये मूव्हेबल टाइप या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेला ट्रॅकबॅक, म्हणजे याच कामाची जुनी पद्धत, मी विचारातच घेत नाही. समोरच्या पानावर दुवा खरोखर आहे का, हे तो तपासत नाही; स्पॅमवाल्यांना रान मोकळं.

पिंगबॅक ती तपासणी करतो, शिवाय वर्डप्रेसमध्ये आयता असतो. मी बराच काळ तोच वापरला. २०१४ मध्ये त्याच्या आडून मोठे हल्ले झाले, म्हणून काही होस्टिंगवाले एक्सएमएल-आरपीसी, म्हणजे पिंगबॅक ज्या वाटेनं येतो ती वाटच, बंद ठेवतात. पण ते सोसता येतं.

मला खटकलं ते वेगळंच. वर्डप्रेस दुव्याच्या मागचा-पुढचा प्रत्येकी जास्तीत जास्त १०० बाइट मजकूर उचलतं. इंग्रजीत तेवढ्यात वाक्य मावतं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन बाइट लागतात. हाती येतात पाच-सहा शब्द. ओल्या कचऱ्याच्या खतावरच्या माझ्या लेखाबद्दल एका बाईंनी लिहिलं होतं, ‘या लेखातलं म्हणणं आम्हाला आधी अजिबात पटलं नाही, पण पावसाळ्यात करून पाहिलं आणि खत झकास झालं.’ माझ्याकडे उमटलं: ‘[…] या लेखातलं म्हणणं आम्हाला आधी अजिबात पटलं नाही, […]’. बाईंच्या तोंडी भलतंच मत गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्यांनी वाक्य बदललं असतं तरी उपयोग नव्हता. एकदा नोंदलेला दुवा पिंगबॅक पुन्हा घेत नाही.

वेबमेंशनसाठी प्लगिन टाकावं लागतं. हे २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे, तरी अजून सगळीकडे पोचलेलं नाही. समोरच्या ब्लॉगच्या थीममध्ये एच-एन्ट्रीच्या खुणा (लेखक कोण, मजकूर कुठला हे सांगणाऱ्या पानाच्या कोडमधल्या खुणा) नसतील, तर नुसता ‘अमुक ठिकाणी उल्लेख झाला’ एवढाच शेरा येतो. माझ्या मते तोही अर्धवट वाक्यापेक्षा बरा. खुणा असल्या, की लिहिणाऱ्याचं नाव आणि मजकूर नीट येतो. लेख दुरुस्त करून पुन्हा कळवलं तर इथली नोंद बदलते, पान काढून टाकलं तर ती पुसायचीही तरतूद आहे.

तुमचा दुवा देणारे बहुतेक इंग्रजीत लिहिणारे असतील, तर पिंगबॅक पुरेल. मराठीत मात्र कितीतरी जण अजून ब्लॉगस्पॉटवर आहेत, आणि तिथून पिंगबॅक येत नाही. वेबमेंशनच्या प्लगिनमध्ये लेखाखाली एक चौकट देता येते. तिथे त्यांनी आपल्या लेखाचा पत्ता चिकटवला, की काम झालं.