ताबो मठ: घाईत उरकण्याचे ठिकाण नव्हे

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात येणारे बहुतेक प्रवासी काझा या तिथल्या मुख्य गावी तळ ठोकतात, ‘की’ आणि ‘धनकर’ येथील कड्यावरच्या मठांची मनसोक्त छायाचित्रे काढतात आणि ताबो मात्र जाता-येता तासाभरात उरकतात. माझ्या मते हा मोठाच अन्याय आहे. खोऱ्यात एकच मठ निवांतपणे पाहायचा असेल, तर तो ताबोचा पाहावा आणि त्यासाठी गावात एक रात्र तरी मुक्काम करावा.

इ.स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटमधील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने स्थापन केलेला हा मठ बाहेरून अगदीच साधा दिसतो. सपाट जमिनीवर मातीने लिंपलेल्या, जवळजवळ खिडक्याच नसलेल्या बैठ्या इमारती आणि शेजारी काही स्तूप, एवढेच काय ते दर्शन घडते. मुख्य सभागृहात शिरल्यावर सुरुवातीला अंधाराखेरीज काही जाणवत नाही. झरोक्यातून येणाऱ्या प्रकाशाला डोळे सरावले, की भिंतींवर माणसाच्या डोक्याच्याही वर, आधाराविना अधांतरी बसल्यासारख्या दिसणाऱ्या ३२ मृण्मूर्ती एकेक करून उमटू लागतात. मध्यभागी चारही दिशांना मुख असलेला वैरोचन बुद्ध आहे, आणि मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात बुद्धचरित्र आणि ज्ञानाच्या शोधात निघालेल्या सुधनाची यात्रा रंगवलेली आहे. त्यातले चेहरे आणि वस्त्रांवरची बारीक नक्षी पाहताना काश्मिरी कलेचा हात स्पष्ट ओळखू येतो. ‘हिमालयातील अजिंठा’ हे ताबोचे बिरुद आपल्याला सहज पटते, पण अजिंठ्याला कातळाचे कवच आहे. इथे हजार वर्षांची चित्रे केवळ माती, लाकूड आणि कोरड्या हवेच्या भरवशावर टिकली आहेत. म्हणूनच आत छायाचित्रणाला असलेली बंदी मला पूर्णपणे योग्य वाटते.

उणीव आहे ती माहितीची. कोणते चित्र कोणत्या प्रसंगाचे, हे सांगणारे कोणी सोबत नसेल, तर निम्मे पाहणे वाया जाते. त्यामुळे एखाद्या लामांना सवड आहे का, हे आधी विनम्रपणे विचारावे आणि मंद प्रकाशाची विजेरी वापरायची असल्यास त्यांची परवानगी घ्यावी.

मुक्कामासाठी आम्ही गावातले एक घर निवडले होते. आरक्षण करून देणाऱ्या मध्यस्थाने चोवीस तास गरम पाण्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात सकाळी माणशी एक बादली मिळाली. यात घरच्यांचा काडीचाही दोष नव्हता. शीत वाळवंटात पाणी जपूनच वापरले जाते, आणि हे पाहुण्यांना आधीच सांगणे हे त्या मध्यस्थाचे काम होते. बाकी खोली स्वच्छ, रजया जाडजूड, आणि चुलीशेजारी बसून घेतलेला वाफाळता थुक्पा (नूडल्सचे तिबेटी सूप) तर केवळ उत्तम.

जाताना शिमला, रिकांग पिओ, नाको हा किन्नौरचा रस्ता धरावा. मनालीकडून येताना ४,५०० मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडावी लागते, ती हिवाळ्यात बंद असते आणि उंचीचा त्रासही एकदम होतो. किन्नौरमार्गे मात्र शरीर हळूहळू सरावते, आणि सुमारे ३,३०० मीटरवरचे ताबो काझ्याच्या आधीच लागत असल्याने तिथला मुक्काम प्रकृतीच्या दृष्टीनेही सोयीचा ठरतो. रोख रक्कम मात्र सोबत भरपूर ठेवावी.