घरात सायकली ठेवायचे चार प्रकार: वर्षभर वापरून आलेला अनुभव

आमच्याकडे तीन सायकली आहेत. माझी हायब्रिड (सरळ हँडलची, रोजच्या वापराची), नवऱ्याची रोड बाईक (बारीक टायरची, वेगात चालणारी) आणि लेकीची वीस इंची. घर कोथरूडला, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली पार्किंगमध्ये का नाही ठेवत असं सगळेच विचारतात. खाली ठेवली की दुपारच्या उन्हानं टायरला बारीक तडे जातात, पावसात चेन लाल होते, कोणीतरी स्कूटर काढताना सायकल आडवी पाडून जातं आणि वर चोरीची धाकधूक असतेच. त्यामुळे सायकली घरातच राहणार हे नक्की होतं, प्रश्न एवढाच होता की हॉलचं गोडाऊन होऊ न देता ठेवायच्या कशा. भिंतीचा उभा हुक, जमीन ते स्लॅब असा दाबून बसणारा खांब, सुताराकडून करून घेतलेला लाकडी शेल्फ आणि जमिनीवरचा साधा स्टँड, हे चारही प्रकार आता एक उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा वापरून झालेत.

सगळ्यात आधी जे मला पटलंय ते सांगते. स्टँड निवडताना फोटो बघू नका, सायकल किती वेळा बाहेर निघते ते बघा. रोज लागणारी सायकल खांद्याच्या वर टांगायची नाही, कितीही छान दिसत असली तरी. सकाळी सहाला झोपेतून उठून १४ किलोचं धूड डोक्यावरून खाली काढायचं म्हटलं की माणूस सरळ गाडीची किल्ली उचलतो. आणि सायकल चालवलीच जात नसेल तर ती ठेवायला एवढा खटाटोप करायचा कशाला?

माझी सायकल रोजची, ऑफिसची. तिला पॅसेजमध्ये दाराजवळ उभा हुक लावलाय, साडेचारशे रुपयांचा, रबर चढवलेला. पुढचं चाक वर अडकतं, मागचं खाली भिंतीला टेकतं. यात पूर्ण सायकल उचलायला लागतच नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. मागचा ब्रेक दाबून सायकल मागच्या चाकावर उभी करायची, मग ब्रेक सोडून तशीच भिंतीपर्यंत ढकलत न्यायची आणि शेवटी फक्त वीतभर वर उचलून रिम हुकात सोडायची. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला जमतं. पण हुक किती उंचीवर लावायचा ते टेप घेऊन नाही, सायकल प्रत्यक्ष उभी करून ठरवा. मागचं चाक जमिनीपासून दोन-तीन इंच वर राहील एवढंच ठेवा, त्याहून वर नको. जागा म्हणाल तर खोली पावणेचार फूट जाते, कारण सायकल भिंतीला काटकोनात बाहेर येते. आमचा पॅसेज टोकाला बंद आहे म्हणून चाललं, येण्याजाण्याच्या वाटेत असता तर हँडल रोज कोणाच्या तरी कोपराला लागलं असतं. दोन सायकली शेजारी लावायच्या असतील तर एक हुक दुसऱ्यापेक्षा सात-आठ इंच वर घ्या, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत आणि दोघींमध्ये सव्वा फूट अंतर पुरतं.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (तारेऐवजी नळीतल्या तेलाच्या दाबावर चालणारा) असेल तर अशी उभी टांगली की बिघडते, असं बरेच जण सांगतात. माझ्या सायकलला तेच ब्रेक आहेत, वर्षभर काही झालेलं नाही. सिस्टीममध्ये आधीच हवा शिरलेली असेल तर ती अशा वेळी जागा बदलते आणि सायकल खाली काढल्यावर लिव्हर मऊ लागतो. तसं वाटलं तर रस्त्यावर नेण्याआधी लिव्हर चार-पाच वेळा पूर्ण दाबून बघा, आणि रोजच मऊ लागत असेल तर मेकॅनिककडून ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढून घ्या, तो दोष हुकाचा नसतो. रिमवर टांगल्यानं चाक वाकतं हेही खरं नाही. तुम्ही वर बसता तेव्हा चाक याच्या कितीतरी पट वजन सहन करत असतं.

आता भिंत. सगळा खेळ भिंतीचा आहे. स्टँडच्या पाकिटावर किती किलो लिहिलंय त्याला फारसा अर्थ नाही, तुमची भिंत काय आहे ते महत्त्वाचं. ड्रिल करताना खाली कागद धरा आणि भुकटीचा रंग बघा. आधी प्लास्टरची करडी येईल, मग लाल आली की वीट, चांगली गोष्ट आहे. करडीच येत राहिली तर काँक्रीट किंवा विटांमधला सांधा, ड्रिल अडखळत असेल तर काँक्रीट, सहज जात असेल तर सांधा. सांधा असेल तर भोक थोडं बाजूला घ्या, वीट पकडा. हलकी पांढुरकी पिठासारखी भुकटी आली आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर ते एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ठोकळे. नव्या टॉवरमध्ये बहुतेक ठिकाणी हेच असतात. त्यात साधा लोखंडी फास्टनर (आवळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट) आवळला की ब्लॉक आतून चुरा होतो आणि फास्टनर नुसता फिरत राहतो. तिथे लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट) वापरा, नाहीतर आधी भिंतीवर रुंद फळी आठ-दहा स्क्रूंनी बसवा आणि हुक फळीवर लावा, म्हणजे भार पसरतो. मायवान कन्स्ट्रक्शन (ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतून केलेलं बांधकाम) असेल तर अख्खी भिंत काँक्रीटची, हॅमर ड्रिलशिवाय काम होत नाही आणि ती भिंतच बिल्डिंगचा भार घेत असते, तेव्हा सोसायटीला विचारूनच हात लावा. आमच्यासारख्या जुन्या घरात आतली पार्टिशन चार इंची असते, तिथे हॅमर मोडवर जोर लावला की पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर ढलपा होऊन पडतं. मिस्त्रीला आधीच सांगा, शेवटचा इंचभर हॅमर बंद कर.

स्लॅबपर्यंत जाणारा खांब आम्ही हॉलच्या कोपऱ्यात लावला, तीन हजार आठशेला पडला. भाड्याचं घर असेल तर यासारखं सुख नाही, भिंतीला एकही भोक नाही, घरमालकाची कटकट नाही. त्याला दोन सायकलींचे हात येतात. पण तो खऱ्या स्लॅबला टेकला पाहिजे, पीओपीच्या फॉल्स सिलिंगला टेकवलात तर सिलिंग फुटेल. आणि तो हळूहळू ढिला होतो. आम्ही खांबाच्या सरकणाऱ्या जोडावर मार्करची बारीक रेघ मारून ठेवलीय, रेघ हलली की पुन्हा आवळायचा. पावसाळ्यात दोनदा आवळावा लागला. लेडीज सायकल किंवा खाली वाकलेल्या दांडीची फ्रेम त्याच्या हातांवर तिरकी बसते, त्यासाठी सीट आणि हँडलच्या मध्ये लावायची वेगळी आडवी दांडी मिळते, ती घ्यावी लागते. दिसायला हा प्रकार मला मनापासून आवडला नाही. दुकानात ठेवल्यासारखं दिसतं. चार महिन्यांनी तो आम्ही बेडरूमच्या कोपऱ्यात हलवला, आता पाहुण्यांची किंवा दिराची सायकल आली की त्यावर जाते.

खरा आनंद दिला तो लाकडी शेल्फनं. नवऱ्याची रोड बाईक फक्त शनिवार-रविवार निघते, सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत वगैरे, त्यामुळे ती वर असली तरी चालतं. घरात किचनच्या कामातून उरलेला १९ मिमीचा प्लाय होता, तो दुहेरी चिकटवून सुतारानं पेटीसारखा शेल्फ केला आणि पुढून दोन इंच रुंद खाच घेतली, त्यात सायकलची वरची दांडी बसते. खाचेला पंक्चर झालेल्या जुन्या ट्यूबचा तुकडा आतून चिकटवला, रंगाला ओरखडा नाही. वरून सागाचं व्हिनियर आणि पॉलिश. मजुरी, व्हिनियर, फास्टनर धरून बावीसशे रुपये. शेल्फवर हेल्मेट, पंप, पुढचा-मागचा लाईट, लेकीनं बनवलेली मातीची चिमणी. सासूबाई सुरुवातीला हॉलमध्ये सायकल म्हणून नाराज होत्या, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच दाखवतात.

करून घ्यायचा असेल तर एक माप विसरू नका. खाचेचा मध्य भिंतीपासून हँडलच्या अर्ध्या रुंदीपेक्षा जास्त लांब हवा, नाहीतर हँडल भिंतीला घासतं. रोड बाईकचं हँडल साधारण ४२ सेंमी, म्हणजे अर्धं २१, आम्ही २५ घेतलं आणि पेडलही मोकळं राहिलं. एमटीबीचं, म्हणजे जाड टायरच्या माउंटन बाईकचं हँडल ७०-७५ सेंमी असतं, तिला हाच शेल्फ करायचा म्हटलं तर सायकल भिंतीपासून सव्वा फूट पुढे येईल आणि सगळी शोभा जाईल. एमटीबीला उभा हुकच बरा. चेनची बाजू नेहमी बाहेर ठेवा, भिंतीवर काळे डाग पडत नाहीत. शिवाय भिंतीला एकच गडद रंग मारा आणि आजूबाजूला दुसरं काही लटकवू नका, सायकल तेवढ्यानंच उठून दिसते. गडद हिरव्यावर आमची पांढरी फ्रेम फार सुंदर दिसते, मला अजून रोज बघावंसं वाटतं.

लेकीच्या सायकलीला काहीच टांगाटांगी नाही. सहाशे रुपयांचा लोखंडी स्टँड, मागचं चाक त्यात ढकललं की झालं. लहान मुलांना स्वतःची सायकल स्वतः काढता-ठेवता आलीच पाहिजे, प्रत्येक वेळी आईबाबांना हाक मारायला लागली तर ती खेळायला जाताना सायकल नेतच नाहीत.

पावसाळ्याचं थोडं जास्त सांगायला हवं. ओली सायकल थेट हुकावर चढवायची नाही. आधी गॅलरीत उभी करून दोनदा आपटायची, फडक्यानं चाकं आणि चेन पुसायची, चेनला दोन थेंब तेल, मग आत. तरीही पाणी ठिबकतंच, म्हणून खाली काठ असलेला रबरी ट्रे ठेवलाय. मागचं चाक जिथे टेकतं तिथे भिंतीवर सनमायकाचा चार फूट उंच पट्टा चिकटवलाय, सुताराकडचाच तुकडा, चिखल ओल्या फडक्यानं निघतो. नुसत्या ऑईलबाउंड डिस्टेंपरच्या रंगावर टायरचा काळा डाग बसला की निघत नाही.

कप्पी लावून छताला ओढून घ्यायचा प्रकार दिराकडे आहे. सहा महिने न लागणाऱ्या सायकलीला ठीक आहे, पण पंख्याच्या पात्यापासून लांबच लावा. ई-सायकल वीस-पंचवीस किलोपर्यंत जाते, ती कुठेच टांगू नका, बॅटरी काढून सायकल जमिनीवरच ठेवा. कार्बन फ्रेम असेल तर दांडीला चिमटा घेणारा क्लॅम्प टाळा, चाकावर टांगा. आणि कुठलाही हुक घेतलात तरी पाकिटातले स्क्रू आणि प्लग बाजूला ठेवून पुण्याच्या बोहरी आळीत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात भिंतीचा प्रकार सांगून १० मिमीचे चांगले फास्टनर वेगळे घ्या, शंभर रुपयांच्या आत येतात, आणि लावल्यावर सायकल चढवायच्या आधी हुकाला दोन्ही हातांनी लोंबकळून बघा.