ग्रुप पॉलिसी की पीडीक्यू डिप्लॉय?

उद्यमबागेतला कारखाना असो वा खानापूरची पतसंस्था, अनेक संगणकांवर एकदम सॉफ्टवेअर बसवायचं तर दोन वाटा: विंडोजमधलीच ग्रुप पॉलिसी किंवा पीडीक्यू डिप्लॉय हे वेगळं साधन. विंडोज डोमेन (एका सर्व्हरवरून सांभाळलेलं संगणकांचं जाळं) असेल तर ग्रुप पॉलिसीला वेगळा खर्च नाही. पण तिच्यातून संगणकांना नेमून दिलेलं सॉफ्टवेअर एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) स्वरूपातच लागतं आणि मशीन सुरू होतानाच बसतं. खरा घोळ इथेच! नेटवर्क जोडलं जाण्याआधीच विंडोज पुढे सरकतं. म्हणून सुरू होताना नेटवर्कची वाट पाहायला लावणारी पॉलिसी चालू करा. सॉफ्टवेअर ठेवलेला शेअर फोल्डर वाचण्याची परवानगी ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ गटाला द्या. कारण सॉफ्टवेअर बसताना कुणी लॉगिन केलेलंच नसतं, फोल्डर मशीनच वाचतं. तरीही अडलं तर जीपीरिझल्ट (कोणती पॉलिसी लागू झाली ते दाखवणारी कमांड) आणि इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजच्या नोंदी) पाहा.

पीडीक्यू एमएसआयसोबत ईएक्सई स्वरूपातले इन्स्टॉलरही लगेच पाठवतं, एरर कोड समोर दाखवतं. मात्र मशीन चालू हवं, फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला वाट हवी. अडलेलं काम सोडवायला मला तेच जास्त पटतं.