‘६जी’ लिहिलेलं सर्टिफिकेट

वेल्डिंगच्या कॉलेजात प्रवेश घेताना मी जे विचारलं नाही, ते तुम्ही तरी विचारा, म्हणून हे लिहितोय.

माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात ‘आंतरराष्ट्रीय ६जी प्रमाणपत्र’ असं छापलं होतं. ६जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरपा पक्का बांधलेला; तो फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. सपाट, उभं, डोक्यावरचं, सगळं एकाच जोडात येतं. हे जमणाऱ्याला काम मिळतं, यात खोटं काही नाही. मी त्या एका शब्दावर विसंबलो आणि सगळी फी आगाऊ भरली.

वर्कशॉप दाखवायला नेलं तेव्हा मशिनं रांगेनं उभी होती. त्यातली चालू किती, हे मी विचारलं नाही. चालू दोनच निघाली आणि आम्ही बावीस जण. तीन तासांच्या प्रात्यक्षिकात होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायची मूठ, हातात यायचा जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं, त्यातच रॉड बदलायचा आणि स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेलं कवचही झाडायचं. उरलेला वेळ ग्राइंडर मारण्यात नाही तर दुसऱ्याचं काम बघण्यात जायचा. हजेरीपत्रकावर मात्र पूर्ण तीन तास. वेल्डिंगमध्ये हात बसतो तो आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, पेटलेला असताना, आणि ती मिनिटं कुणीच मोजत नव्हतं.

७०१८चे रॉड उघड्या खोक्यात पडलेले असत. हे लो-हायड्रोजन रॉड; ओल धरली की जोडात हायड्रोजन जातो आणि नंतर तडे जाऊ शकतात. पाकीट फोडल्यावर ते गरम ओव्हनमध्ये ठेवायचे असतात. ओव्हन कोपऱ्यात होतं, पण तापलेलं मी कधी पाहिलं नाही. तेव्हा मला ते खटकलंही नाही, कारण तसं कुणी शिकवलंच नव्हतं.

महिनोन्‌महिने सपाट प्लेटवर रेघा ओढल्या. तिरपा पाइप शेवटचे दोन दिवस. परीक्षेत सरांनी माझा कूपन, म्हणजे चाचणीसाठी जोडलेला तुकडा, वरून पाहिला आणि पास म्हणाले. जोड आतून कसा आहे हे बघायला ना तो कापला, ना पट्ट्या काढून वाकवल्या.

मग एका कंपनीत ट्रेड टेस्ट. खालच्या बाजूला रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, मारताना कीहोल, म्हणजे धातू आत पोचतो ते छोटं भोक, सारखं बुजत गेलं. इन्स्पेक्टरनी आतून टॉर्च मारला. बऱ्याच ठिकाणी धातू आत पोचलाच नव्हता. माझं सर्टिफिकेट त्यांनी शांतपणे वाचलं. “यावर डब्ल्यूपीएसचा, म्हणजे वेल्डिंग कसं करायचं त्या लेखी पद्धतीचा, नंबर कुठाय? कोणती प्रोसेस, कोणता धातू, किती जाडी, किती व्यासाचा पाइप? टेस्टचा निकाल?” काहीच नव्हतं, होतं ते फक्त स्टँडर्डचं नाव आणि शिक्का. त्यांनी आणखी एक सांगितलं, जे मला प्रवेशाआधी कळायला हवं होतं: एएसएमई सेक्शन ९ या वेल्डिंगच्या अमेरिकन स्टँडर्डनुसार वेल्डरची पात्रता तपासण्याची जबाबदारी काम देणाऱ्या कंपनीची असते. म्हणजे सर्टिफिकेट अस्सल असलं तरी टेस्ट द्यावीच लागणार. आणि पात्र ठरल्यावरही सहा महिने ती प्रोसेस वापरली नाही, तर ती पात्रता संपते.

कॉलेजात परत गेलो. त्यांनी मी सही केलेला अर्ज पुढे ठेवला. त्यात ‘६जीची ओळख’ असं लिहिलं होतं. माहितीपत्रक वेगळं, अर्ज वेगळा. सही अर्जावर होती. फी मिळाली नाही. पुढे मी एका फॅब्रिकेशनच्या कामावर हेल्पर म्हणून लागलो आणि कापून टाकलेल्या पाइपांच्या तुकड्यांवर रूट शिकलो.

प्रवेश घ्यायचा असेल तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी न सांगता जा. एका वेळी किती आर्क पेटलेत ते मोजा. मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी पूर्ण सर्टिफिकेट बघायला मागा. आणि भंगाराची पेटी बघा: जिथे खरं शिकवतात तिथे ती कापलेल्या कूपननी आणि यू आकारात वाकवलेल्या पट्ट्यांनी भरलेली असते. आमच्या पेटीत तशी एक पट्टी कधी नव्हती, आणि मी रोज तिच्या शेजारीच हेल्मेट ठेवत होतो.