मोफत ‘दंतकीड धोका तपासणी’त माझे ५२,०८० रुपये कसे अडकले

रक्कम आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत लिहायचं धैर्य होणार नाही. माझ्या आणि लेकीच्या नावनोंदणीचे ४००, जागेवर फोनवरून भरलेले ६,८०० आणि दरमहा ३,७४० चे बारा हप्ते, म्हणजे ४४,८८०. एकूण ५२,०८० रुपये. नवऱ्याला हा आकडा कळला तेव्हा घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. सासूबाईंना तो मी अजूनही सांगितलेला नाही.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली. एका पतसंस्थेत सतरा वर्षं कर्जाचे कागद बघते. लोकांना रोज सांगते, वाचल्याशिवाय सही करू नका. म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो. पण त्या मंडपात माझ्या वाड्यावरची निदान चाळीस माणसं होती. त्यांतली किती हप्ते भरतायत आणि लाजेपोटी गप्प आहेत, मला माहीत नाही. कोणीतरी बोललं पाहिजे.

शिबिरांची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे. डोळ्यांचं, साखरेचं, गुडघ्यांचं. मोफत म्हणून बोलवायचं आणि निघताना काहीतरी गळ्यात मारायचं. मलाही ठाऊक होती. पण दातांच्या बाबतीत माझं मन आधीच घाबरलेलं होतं. माझ्या आईचे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले. लेकीची दुधाची दाढ सहाव्या वर्षी काढावी लागली, त्या रात्री ती कळवळून रडली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. तिच्या पक्क्या दाढांचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. यात माझं काय चुकलं ते मला सांगा.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपून बारा दिवस झाले होते. देवळाच्या सभामंडपात फलक लागला: मोफत दंतकीड धोका तपासणी. पंचांनी घरोघर निरोप धाडला होता. मी, लेक आणि सासूबाई अशा तिघी गेलो. तिथे कळलं की तपासणी मोफत, पण ‘फाइल’चे माणशी २०० रुपये. दोघींचे भरले. सासूबाईंची फाइल केलीच नाही त्यांनी. त्याबद्दल पुढे सांगते, कारण सगळ्यात जास्त संताप मला त्याचाच आहे.

दारातच एक मुलगी कागदी पेल्यांतून लिंबाचं सरबत देत होती. उकाडा मरणाचा. सगळे प्यायले, लेक तर दोन पेले प्यायली. रांग पुढे सरकली. पांढऱ्या कोटातल्या माणसाने जिभेखाली कागदाची पट्टी धरली, ती तांबूस झाली. त्याने पट्टी डब्यावरच्या रंगांशी ताडून बघितली, मान हलवली आणि म्हणाला, “आई, मुलीच्या तोंडात आम्ल फार आहे.”

इथेच. मला इथेच कळायला हवं होतं. माझ्या पुढच्या पंधरा-वीस जणांच्या पट्ट्या मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या, एकही हिरवी, म्हणजे ठीक, नव्हती. शेजारच्या काकी तर हसून म्हणाल्यासुद्धा, “माझीपण तांबडीच गो!” लिंबू आणि साखर पोटात जाऊन दहा मिनिटं झालेली नाहीत, अशा कोणत्या तोंडाची पट्टी हिरवी येणार होती? गोड खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. त्या थराचा पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा (जेवढा कमी तेवढं आम्ल जास्त), साडेपाचच्या आसपास किंवा खाली गेला की दातातली खनिजं विरघळायला लागतात. मग लाळ हळूहळू ते आम्ल मारते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. हे रोज प्रत्येकाच्या तोंडात होतं. लाळेची खरी चाचणी करायची तर आधी तासभर काही खायचं-प्यायचं नसतं. यांनी दारातच सरबत पाजलं आणि मग पट्टी लावली. सहा महिने झाले, रात्री जाग आली की मला ते कागदी पेले दिसतात.

पट्टीनंतर टॅब. त्यावर एक गोल, त्याचे रंगीत भाग आणि मोठ्या अक्षरात ८६ टक्के. “मुलीला ८६ टक्के धोका, तुम्हाला ७९.” टॅबवर त्याने मला विचारलं काय? वय, फोन नंबर, नोकरी कुठे, पगार बँकेत येतो का. लेक दिवसातून किती वेळा खाते, कोणती पेस्ट वापरते, गेल्या दोन-तीन वर्षांत नवीन दात किडला का, यातलं अक्षर विचारलं नाही. पगार विचारला आणि बिस्किटं विचारली नाहीत. दातांच्या तपासणीत पगार कशाला लागतो, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. मागे रांग होती, लेक घाबरून माझा हात धरून उभी होती, मी तो गिळला.

मुळात असा गोल असतो, तो खोटा नाही. स्वीडनमधल्या माल्म्यो इथल्या दंतवैद्यांनी तो बनवला, त्याचं नाव कॅरिओग्राम. त्यात आहार, जंतू, दाताची प्रतिकारशक्ती, परिस्थिती अशी एकेक माहिती डॉक्टरने भरायची असते. आणि त्यातला हिरवा भाग सांगतो की पुढे नवी कीड न लागण्याची शक्यता किती. कॅलिफोर्नियातही अशीच पद्धत आहे, कॅम्ब्रा म्हणतात. २००३ मध्ये तिथल्या दंतवैद्यांच्या मासिकात ती सविस्तर आली, २००७ मध्ये तिचे अर्ज सुधारले. एका पारड्यात नुकसान करणाऱ्या गोष्टी, दुसऱ्यात राखणाऱ्या गोष्टी, आणि तोल कुठे झुकतो ते बघायचं. खऱ्या विद्येचं नाव घेऊन फसवलं की शिकलेला माणूसच आधी फसतो. त्या दिवशी त्यांनी घेतलेलं ते नाव मी बाहेर उभी राहून फोनवर शोधलं होतं, आणि ते सापडलं म्हणून विश्वास ठेवला!

बुधवारी त्यांच्या दवाखान्यात गेलो. लेकीच्या दोन आणि माझ्या पाच दाढांत कीड ‘सुरू झाली आहे’ म्हणाले. एक्स-रे काढला नाही. लेकीचं पॅकेज १८,५००, माझं २८,३००, मिळून ४६,८००. ६,८०० आत्ता, बाकी ४०,००० बिनव्याजी हप्त्यांनी. माझ्याच फोनवर कर्जाचं ॲप उतरवून दिलं, ओटीपी मी वाचून दाखवला. रात्री पावणेदहाला बत्तीस पानांचा करार मेलवर आला. पहिल्या दोन पानांतच हप्ता ३,७४० असा स्पष्ट लिहिला होता. बारा हप्त्यांत ४,८८० रुपये जादा. बिनव्याजी कुठलं? मी तो मेल चौथ्या दिवशी उघडला. डिजिटल कर्ज घेतल्यावर मन बदललं तर ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्याच दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय मोकळं होता येतं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मला नोकरीमुळे माहीत होता. माझी मुदत तोवर उलटून गेली होती. तुम्ही त्याच रात्री मेल उघडा. व्याजदर मुख्य माहितीपत्रकात असतो, तेवढं पान तरी वाचा.

त्याच बुधवारी लेकीच्या दोन पक्क्या दाढा कोरून भरल्या. माझ्या पाच दाढा तीन आठवड्यांनी करायच्या ठरल्या. पण लेकीला थंड पाणी लागलं की ठणका बसायला लागला. त्यांना फोन केला तर म्हणाले, होतं असं, महिनाभर थांबा. मी थांबले नाही. तिला घेऊन बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालयात गेले.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी माझे दात हवेने कोरडे केले, दिव्याखाली बघितले, मग दाढांमधल्या फटींचे एक्स-रे काढले. पाचपैकी एकाही दाढेत पोकळी नव्हती. चार ठिकाणी खाचांमध्ये नुसता डाग आणि एका ठिकाणी दोन दाढांच्या मध्ये खनिज कमी झाल्याची सुरुवात. ती फ्लोराइडने आणि स्वच्छतेने थांबवता येते, कोरायची गरज नाही. लेकीच्या दाढांबद्दल त्या स्पष्ट म्हणाल्या, “जे कोरून टाकलं त्यात कीड होती की नव्हती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.” भरणाची कड उंच राहिली होती, ती त्यांनी घासून दिली. ठणका कमी झाला. पण नऊ वर्षांच्या पोरीच्या पक्क्या दाढेचं कवच गेलं ते परत येत नाही. पैशांपेक्षा मला ते जास्त लागतं.

मग त्यांनी वीस मिनिटं फक्त प्रश्न विचारले. लेक मधल्या वेळेत काय खाते, किती वेळा, रात्री दूध पिऊन तशीच झोपते का, पेस्टमध्ये फ्लोराइड आहे का, लाळ पुरेशी सुटते का, कोणती औषधं चालू आहेत. चवथीच्या पाच नेवऱ्या (करंज्या) जेवणाबरोबर एकदम खाल्ल्या तर दाताला जेवढा त्रास, त्याहून जास्त त्रास एकच नेवरी दुपारभर कुरतडत बसल्याने होतो, हे मला तिथे कळलं. आम्ल दर वेळी नव्याने तयार होतं. लेक शाळेतून आली की शिकवणीपर्यंत तीन-चार वेळा बिस्किटं खाते. तिला मध्यम धोका आहे, मला कमी.

आणि त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते: “धोका म्हणजे कीड नव्हे. धोका जास्त निघाला तर आम्ही खाणं सुधारायला सांगतो, फ्लोराइडचा लेप लावतो, लवकर परत बोलावतो. पोकळी दिसल्याशिवाय टक्केवारी बघून कोणी दात कोरत नाही.” तुमच्यासमोर कोणी टक्के ठेवले तर एवढंच विचारा: पोकळी कुठे आहे, मला आरशात आणि एक्स-रेवर दाखवा. दाखवत नसेल तर उठा.

आता सासूबाईंचं. त्या ७१ वर्षांच्या. रक्तदाबाच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या चालू, तोंड सतत कोरडं, रात्री उठून पाणी पितात. हिरड्या मागे सरकून दातांची मुळं उघडी पडलीत. शिबिरात त्यांना “आजी, तुमचं काय आता, कवळीच” म्हणून बाजूला बसवलं. पुढच्या खेपेला मी त्यांना बांबोळीला नेलं, तेव्हा दोन दातांच्या मुळांशी खरी कीड निघाली. लाळ कमी म्हणजे दातांचा राखणदारच गेला. आमच्या घरात खरा धोका त्यांनाच होता. ॲप त्या वयाला कर्ज देत नाही, हे मला नंतर त्याच करारात वाचायला मिळालं. म्हणून त्यांच्या जिभेखाली पट्टीसुद्धा धरली नाही त्या माणसाने. ज्याला कर्ज मिळतं त्यालाच धोका!

तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात दीड तास बसवून सांगितलं, उपचार पटला नाही तर ही दिवाणी बाब, इथे येत नाही. मी म्हटलं, सरबत पाजून पट्टी लावली, ही फसवणूक नाही का? हवालदार म्हणाला, सरबताची पावती आहे का. एका कार्यालयाने तीन प्रतींत, प्रतिज्ञापत्रासह अर्ज मागितला. प्रतिज्ञापत्राचे, झेरॉक्सचे, कदंबा बसच्या भाड्याचे पैसे वेगळे, आणि दोन अर्ध्या दिवसांच्या रजा. ४७ दिवसांनी उत्तर आलं की डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नमूद नाही, अर्ज परत. तो क्रमांक चिठ्ठीवर नव्हता म्हणूनच तर तक्रार होती! दुसऱ्या कार्यालयात म्हणाले, शिबिराला परवानगी आम्ही दिलीच नव्हती, त्यामुळे आमच्याकडे फाइल नाही. परवानगी नव्हती तर कारवाई करा ना. त्यावर साहेब जेवायला गेले. पंच म्हणतात, मी फक्त मंडप मिळवून दिला. कर्जवाले म्हणतात, ओटीपी तुम्ही दिला. सगळ्यांचे हात धुतलेले, आणि मी पावत्यांची पिशवी घेऊन या दारातून त्या दारात.

हप्ता का थांबवत नाहीस, असं बहीण विचारते. थांबवला तर माझा पतगुण (क्रेडिट स्कोअर) खाली जाईल, आणि मी पतसंस्थेत काम करते. लोक कर्ज मागायला माझ्यासमोर बसतात.

चिठ्ठीवर आणि पावतीवर दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक नसेल तर दातांना हात लावू देऊ नका. एक्स-रे, संमतीपत्र, पावती, सगळ्याच्या प्रती त्याच दिवशी मागा. मी संमतीपत्रावर सही केली, त्याची प्रत मला अजून मिळालेली नाही. शिबिरात सरबत, चहा, बिस्किट काही दिलं तर घेऊ नका आणि मुलांना घेऊ देऊ नका. कोरायच्या आधी दुसऱ्या ठिकाणी दाखवा. कीड एका आठवड्यात पळून जात नाही, पण “ऑफर आजपुरती” म्हणणाऱ्याला घाई असते. ओटीपी तर वाचून दाखवूच नका.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मी तक्रार नोंदवली. पुढचा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. बांबोळीचे एक्स-रे, बत्तीस पानांचा करार, हप्त्यांच्या नोंदी असं सगळं लावून फाइल तयार केली आहे.

आज पाच तारीख. सकाळी सव्वासातला सहावा हप्ता कापला गेला, ३,७४०. आजपर्यंत हातचे गेले २९,६४०. शुक्रवारी रजा टाकून फाइल दाखल करणार आहे. त्या रविवारी मंडपात पट्टी लावून घेतलेल्या कोणाकडे तिचा फोटो असेल, टॅबवरच्या गोलाचा असेल, त्या सरबताच्या टेबलाचा असेल, तर पुसू नका. मला घरी येऊन भेटा. लाज वाटत असेल तर रात्री या.