पावतीवर नुसतं 'वाडगा, १ नग'

कोरियातली नोकरी संपवून पुण्याला परतण्याआधी तिथल्या जुन्या गोर्यो राजवटीच्या काळातली एक तरी खरी वस्तू घ्यायची, हे खूळ तीन वर्षं डोक्यात होतं. सुट्टी मिळाली की सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन त्या काळच्या सेलाडॉनसमोर, म्हणजे हिरवट-निळ्या झिलईच्या भांड्यांसमोर, उभा राहायचो. अर्धवट सुकलेल्या भांड्यावर नक्षी कोरायची, खाचांत पांढरी आणि तांबडी माती भरायची, वरचं जास्तीचं खरवडायचं. मग एकदा भाजून, झिलई देऊन पुन्हा भट्टीत. तांबडीची काळी होते. या कामाला तिथे सांगाम म्हणतात. एवढं कळायला लागलं आणि मी स्वतःला जाणकार समजायला लागलो.

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात मालकाने क्रौंच आणि ढगांची नक्षी असलेला वाडगा पुढे ठेवला. मी तो ऐटीत उलटा केला. बाराव्या शतकातल्या उत्तम भांड्यांच्या बुडाला, भट्टीत ती गारेच्या बारीक खड्यांवर टेकवल्याचे पांढरे ठिपके असतात. इथेही होते, मोजून तीन! म्हातारबांनी माझा चेहरा वाचला असणार. "गांगजिनकडच्या थडग्यातला आहे," ते म्हणाले. गांगजिनला भट्ट्या होत्या आणि जपानी अमलात थडगी उकरली गेली, दोन्ही खरंच. त्यामुळे थाप सहज गळी उतरली.

१८ लाख वॉन मोजले, म्हणजे आपले लाखभर रुपये. पावतीवर काळ मात्र लिहीनात. "लिहिलं तर विमानतळावर अडवतील." तिथेच उठायला हवं होतं. वाडगा खरा असता, तर परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हाच होता. खोटा निघाला, तर पावतीवरचा तेवढा एक शब्द माझा पुरावा होता. तुम्ही घेणार असाल तर तो शब्द आधी लिहून घ्या, नाहीतर पाकीट काढूच नका.

घरी बुडाला चिकटलेली माती कोमट पाण्यात पाच मिनिटांत सुटली. खाली नवीकोरी कड. झिलईच्या भेगांतला तपकिरी रंग सगळीकडे एकसारखा, चहात बुडवून काढल्यासारखा. परत गेलो, तर म्हातारबांनी शांतपणे पावती पुढे सरकवली. "जुना म्हणून कुठे लिहिलंय?"

तरी आशा सुटत नव्हती. इंचॉन विमानतळावर पुरातन वस्तू तपासणारं कार्यालय आहे, तिथे वाडगा नेला. सरकारने आपली वस्तू अडवावी, असं आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं. तज्ज्ञ बाईंनी तो एकदा उलटा केला, एकदा सुलटा, आणि शिक्का मारून कागद हातात दिला. नेण्यास हरकत नाही.